लॉन कार्पेट, म्हणजे मातीसकट तुकड्यांत येणारं तयार गवत, किती मागवावं? १० टक्के जास्त धरलं की भागतं का?

तुमची जागा ४० बाय २५ फूट, एका बाजूला वळणदार वाफा, त्यामुळे मधे लॉनची रुंदी सगळ्यात कमी, १७ फूट. म्हणून १,००० चौरस फूट, वर १० टक्के, एकूण १,१०० मागवू का, असं विचारलंय. नका मागवू.

आधी मोजणी. वाफ्याची कड फक्की मारून पक्की करा, नाहीतर दर मापाला ती सरकते. सरळ बाजूला दोरी ताणा, दर ५ फुटांवर खूण करा आणि प्रत्येक खुणेपासून काटकोनात वाफ्याच्या कडेपर्यंत टेप लावा. समजा मापं आली २५, २३, २०, १८, १७, १८, २०, २३, २५. पहिलं आणि शेवटचं निम्मं, मधली अख्खी: बेरीज १६४. गुणिले ५ म्हणजे ८२० चौरस फूट. पावलांनी मोजू नका. आणि १७ फूट ६ इंच म्हणजे १७.५; कॅल्क्युलेटरवर १७.६ टाकणारे कमी नाहीत.

आता ते १० टक्के. जो तो हा आकडा सांगतो आणि तो कुठून आला हे कुणीच सांगत नाही. कापाकापीत जे वाया जातं ते कडेला जातं, मधे नाही. मधे तुकड्याला तुकडा भिडतो, तिथे नुकसान कसलं? म्हणजे जादाचा माल क्षेत्रफळावर नाही, कापाव्या लागणाऱ्या कडेच्या लांबीवर ठरतो. हिशेब असा: वळणाची लांबी गुणिले तुकड्याची निम्मी रुंदी. २ बाय १ फुटाचा तुकडा असेल तर तुमच्या साधारण ४३ फुटांच्या वळणावर २१-२२ चौरस फूट, म्हणजे ११ तुकडे. ८२० फुटांचे ४१०, कापाकापीचे ११, उचलताना फाटणारे ८-१० धरा. झाले ४३०, म्हणजे ८६० चौरस फूट. तुमच्या आकड्याप्रमाणे १२० तुकडे जास्त येऊन ढिगात पिवळे पडले असते.

उलट बाजूही बघा. ४० फूट लांब आणि सरासरी ३ फूट रुंद पट्टी, दोन्ही कडा नागमोडी. क्षेत्रफळ १२०, वाया जाणारं सुमारे ४०. तिथे १० टक्के धरणाऱ्याचा माल अर्ध्या दिवसात संपतो. मग दुसऱ्या खेपेला आलेलं गवत वेगळ्या रंगाचं, वेगळ्या उंचीचं, आणि तो जोड बरेच दिवस डोळ्यात खुपतो. एकच टक्केवारी दोन्हीकडे चुकते, तरी सल्ला तोच!

पहिली ओळ सरळ बाजूला लावा आणि पुढच्या ओळीत विटांसारखे सांधे चुकवा. ओळीची सुरुवात अर्ध्या तुकड्याने करताना उरलेला अर्धा फेकू नका, तो एकाआड एक ओळीला लागतो. कडेला चार-पाच इंचांची चिंधोटी येत असेल तर ती एक ओळ आत घ्या आणि कडेला अख्खा तुकडा ठेवा; अरुंद तुकडा कडेला लावला की आधी तोच वाळतो. तुकडे घट्ट भिडवा, ओढून ताणू नका. ताणलेला तुकडा सुकताना आखडतो आणि सांध्यात फट पडते.

झाडाच्या बुंध्याभोवती फूटभर जागा मोकळी सोडा, पण असली बारीकसारीक वजाबाकी हिशेबात धरू नका, ती फाटक्या तुकड्यांत जिरते. मोठा वाफा किंवा फरसबंदी मात्र वजा करा. दाट सावलीत गवत टिकत नाही, तेवढी जागा आधीच सोडा. उतार असेल तर टेप जमिनीवर टेकवून मोजा. ३ फुटांना १ फूट चढ असेल तर नकाशावरचं माप ५ टक्क्यांनी कमी भरतं.

एक गोष्ट मात्र आधी करायची आहे: तुकडा खरोखर २ बाय १ आहे का ते बघा. दहा तुकडे टेपने मोजून सरासरी काढा. २३ बाय साडेअकरा इंच निघाला तर तो २ नव्हे, १.८४ चौरस फूट. मग ८२० फुटांना ४१० नाही, ४४६ तुकडे लागतात. म्हणून मागणी देताना चौरस फूट सांगू नका, तुकडे मोजून सांगा. रोल येत असतील तर रुंदी आणि लांबी दोन्ही विचारा आणि कडेच्या हिशेबात रोलची निम्मी रुंदी धरा.

माल येईल त्याच दिवशी अंथरायचा, त्यामुळे माती सपाट करून, फरशीच्या कडेपेक्षा इंचभर खाली ठेवून, आदल्या दिवशी ओली करून ठेवा. उरलेले तुकडे रचून ठेवू नका, ढीग आतून तापतो. सावलीत एकेरी पसरून पाणी मारत राहा. पहिल्या आठवड्यात एखादा कोपरा वाळला तर तिथे ते लागतील.