मसाल्याच्या पाकिटावर ब्रँडचं इंग्रजी नाव रॉकवेलसारख्या स्लॅब सेरिफमध्ये, म्हणजे टोकांना ठोकळ्यासारखे जाड पाय असलेल्या फाँटमध्ये, घ्यावं का? डिझायनर म्हणतो, तो फाँट जुनाट आणि बोजड दिसतो.

घ्या. डिझायनरला एवढंच विचारा, पाकीट त्याच्या लॅपटॉपवर विकायचंय की किराणा दुकानात?

'बोजड' हा शब्द मी मेहुण्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय की प्रश्न वाचून गप्प बसवलं नाही. कोल्हापूरजवळ आमचं पुठ्ठ्याची खोकी छापायचं काम आहे. एका गूळवाल्या गिऱ्हाइकाला बाहेर माल पाठवायचा होता, म्हणून नवीन खोकं हवं होतं. डिझाइन पुण्याहून मेहुण्यानं केलं. बोदोनीच्या जातीचं अक्षर, उभा दांडा जाड आणि आडवी रेघ केसाएवढी. स्क्रीनवर झकास, खोटं कशाला बोलू. त्यात 'हेरिटेज' हा शब्द, तोही हिरव्या पट्ट्यातून कोरून काढलेला, म्हणजे अक्षराच्या जागी पुठ्ठ्याचा रंग दिसायचा.

आमची छपाई फ्लेक्सोची. त्यात रबरी स्टिरिओ, म्हणजे उठावाच्या अक्षरांचा ठसा, पुठ्ठ्यावर दाबला की शाई थोडी तरी पसरतेच. भरीव अक्षर त्यामुळे जाड होतं, आणि कोरलेलं अक्षर भरून जातं. त्यात आतल्या नाळ्यांमुळे कोरुगेटेड पुठ्ठ्यावर दाब सगळीकडे सारखा पडत नाही. छापून आलं तेव्हा एचची आडवी रेघ गायब, दोन दांडे तेवढे उभे. ई म्हणजे नुसता खांब. 'ए'ची डावी तिरकी रेघ तुटलेली. गिऱ्हाईक म्हणालं, हे कुठल्या भाषेत आहे?

मी तोच शब्द क्लॅरेंडन बोल्ड या स्लॅब सेरिफमध्ये लावून नवा स्टिरिओ करून घेतला. सगळी अक्षरं शाबूत. मेहुण्यानं फोटो बघून फोन केला, "दाजी, हे काऊबॉयच्या पिक्चरच्या पोस्टरसारखं दिसतंय."

इथं माझं डोकं फिरतं. काऊबॉयवाली शाखा वेगळी. तिला फ्रेंच क्लॅरेंडन म्हणतात. तिच्यात अक्षराचे पाय आणि माथा दांड्यापेक्षा जाड असतात, आणि अमेरिकेत लाकडी टाईपातून पोस्टरं छापायला ती भरपूर वापरली. मूळ क्लॅरेंडन लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीचा, म्हणजे छपाईचे टाईप ओतणाऱ्या कारखान्याचा, १८४५चा, रॉबर्ट बेसली यांचा. साध्या मजकुराच्या ओळीतच एखादा शब्द ठळक उठून दिसावा, यासाठी तो होता. शब्दकोशात मूळ शब्द जाड छापतात ना, ते काम. बेसलींनी त्याची नोंदणी केली होती, पण संरक्षण तीनच वर्षांचं. ते संपताच बाकीच्या फाउंड्र्यांनी बेधडक नकला काढल्या. बोजड अक्षराची कोणी एवढी चोरी करतं का?

रॉकवेल त्यानंतर बराच उशिरा आला, मोनोटाइप या टाईप कंपनीचा, १९३४चा. तो पट्टी-कंपासनं काढल्यासारखा आहे. 'ओ' जवळजवळ पूर्ण गोल, दांडा आणि पाय काटकोनात भिडतात, मधे बाक नाही. यंत्रसामान, हार्डवेअर, बांधकामाच्या पाटीला झकास. खायच्या वस्तूला मला तो कोरडा वाटतो. क्लॅरेंडनमध्ये दांड्यातून पाय बाक घेऊन निघतो, 'आर' आणि 'सी'च्या टोकाला थेंबासारखा गोळा असतो, त्यानं जरा ऊब येते. मसाल्याला मी तोच घेईन. तुम्ही रॉकवेलचं विचारलंत हे माहीत आहे.

अक्षरं फार चिकटवू नका. डिझायनर लोकांना नाव घट्ट आवळायची खोड असते, आणि स्लॅबमध्ये पाय एकमेकांत अडकतात. मागच्या बाजूचे घटक, वजन, बॅच नंबर यांना साधा बिनपायांचा फाँट लावा. बारीक आकारात जाड पायांची नुसती गिचमीड होते. शेजारी मराठी नाव येणार असेल तर सारख्या जाडीचं देवनागरी घ्या. एकटाइपचा मुक्ता फुकट आहे आणि चांगला आहे. बोरूच्या वळणाचं देवनागरी याच्या शेजारी परकं दिसतं. आणि कान्याच्या बुडाला ठोकळे जोडून 'मराठी स्लॅब' करून देतो असं कोणी म्हणालं तर हात जोडा. देवनागरीला शिरोरेघ आहे, तेवढी पुरे.

हो, एक सांगायचं राहिलं. माझं वरचं सगळं पुराण खोक्यांचं आहे. तुमचं पाकीट लॅमिनेटचं असेल आणि ग्रॅव्हुअरवर, म्हणजे कोरलेल्या धातूच्या सिलिंडरवरून, छापणार असाल तर बारीक रेघ बऱ्यापैकी येते. तिथं डिझायनरचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण तिथंही चार रंगांतून कोरलेली बारीक रेघ रंग जरासा सरकला तरी जाते. शिवाय त्याच मालाची दहा किलोची खोकी तुम्हाला लागणारच, ती कुठं छापणार?

तेव्हा पीडीएफवर 'ओके' लिहू नका, खऱ्या मालावर छापलेला नमुना मागा. तरीही डिझायनर पातळ अक्षरावर अडून बसला तर छपाई फसल्यास सिलिंडरचा खर्च कोणाचा, ते आधी लिहून घ्या. आमच्या पहिल्या स्टिरिओचे पैसे अजून कोणी दिलेले नाहीत. मेहुण्याच्या मते दोष शाईचा होता.