अनासक्त झालो तर काम तरी कशासाठी करायचं?

अप्रेझलमध्ये रेटिंग घसरल्यापासून झोप लागत नाही आणि घरचे म्हणतात ‘अहंकार सोड, अनासक्त हो’, असं तुम्ही लिहिलंय. मग रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये मरायचं कशाला, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. मी पुण्यातच मानसशास्त्र शिकवतो. वर्गात हे कुणी ना कुणी विचारतंच.

अहंकार सोडून देता येत नाही, हे आधी घरच्यांना सांगा. सांख्य या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मतात बुद्धी, अहंकार आणि मन मिळून अंतःकरण होतं. बुद्धी निश्चय करते, मन संकल्प-विकल्प करतं आणि अहंकार आलेल्या अनुभवावर ‘माझं’ असा शिक्का मारतो. तो नसेल तर कुणी हाक मारली तरी ओ देता येणार नाही. घोटाळा होतो तो शिक्का भलतीकडे पडला की. आकडा मिळाला वर्षभराच्या कामाला, तुम्ही तो स्वतःला लावून घेतलात. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या पाच क्लेशांत, म्हणजे दुःखाच्या मुळांत, अविद्येनंतर लगेच अस्मिता (‘मी’पणा) येते, ती हीच.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात पुढची साखळी आहे: विषयाचं चिंतन, त्यातून संग (आसक्ती), मग काम (म्हणजे इच्छा), मग क्रोध, आणि शेवटी बुद्धिनाश. क्रोधापाशी पोचल्यावर थांबणं कठीण. चिंतनापाशी जमतं, म्हणजे रात्री दोनला ती ईमेल पुन्हा उघडायची नाही.

आता बेफिकिरीचं. अनासक्त होणं म्हणजे फळाला चिकटून न राहणं, काम सोडणं नव्हे. हात झटकून बसायला अर्जुन तयारच होता. गीता सांगितली गेली ती त्याला उठवण्यासाठी. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात गीतारहस्य लिहिलं, १९१५ साली ते पुण्यात प्रसिद्ध झालं, त्यातही प्रतिपादन कर्मयोगाचंच आहे. तेव्हा रेटिंग अन्यायाचं वाटत असेल तर पुरावे घेऊन एचआरकडे जा, खुशाल भांडा. (‘फळाची अपेक्षा नको’ हे पगारवाढ टाळताना ऐकवणारे साहेब मला अजिबात आवडत नाहीत.)

आणि हे नुसतं पोथीतलं नाही. नमिता पांडे आणि आर. के. नायडू यांनी १९९२ साली अनासक्ती आणि आरोग्य यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. अनासक्ती जास्त असलेल्यांत ताणाचा त्रास कमी आढळला. अर्थात, अनासक्तीमुळेच त्रास कमी झाला, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही.

झोपेचं मात्र लांबवू नका. काही आठवडे असंच चाललं असेल तर आधी डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला गाठा, पतंजली नंतर वाचता येतील.