वर्ष तारखेनं मोजा, तिथीनं नव्हे

वाचकांचे प्रश्न, वकीलबाईंची उत्तरं

प्रश्न : वकीलताई, सप्रेम नमस्कार. आम्ही दापोली तालुक्यातले. मुलगी इंग्लंडात लीड्सला नर्स आहे. तिथंच काम करणारा बेळगावकडचा मुलगा आणि ती एकत्र राहतात. दोघंही नोकरीच्या व्हिसावर आहेत. त्याचा पहिल्या बायकोशी घटस्फोटाचा दावा चालू आहे, निकाल नाही. गेल्या कोजागिरीला त्यांना मुलगा झाला. तिकडच्या जन्मदाखल्यावर दोघांचीही नावं आहेत. गावात अजून कुणाला बोललो नाही. गणपतीला बाळाला घेऊन या म्हटलं, तर मुलगी म्हणते त्याचा पासपोर्टच नाही. अर्ज भरून देणाऱ्या तिथल्या एजंटानं लग्नाचा दाखला मागितला. आमचे धाकटे भावजी म्हणतात, आपल्या देवळात लग्न लागलं असं दाखवू, ग्रामपंचायतीतून मागच्या तारखेचा दाखला काढू, ओळख आहे. मुलगी म्हणते, बापाचं नावच नको घालायला, म्हणजे कटकट मिटली. आणि त्याच्या पहिल्या बायकोनं केस केली तर पोरीला तुरुंगात टाकतील का? ह्यांना झोप नाही. कृपया नाव छापू नये.

उत्तर : काकू, आधी भावजींना थांबवा. आजच. बाकीचं मग वाचा.

त्या मुलाचा घटस्फोट झालेला नाही, म्हणजे कायद्यानं त्याची बायको एकच, पहिली. अशा वेळी मागच्या तारखेचं लग्न कागदावर आणलंत तर तुम्ही काय केलंत? पहिलं लग्न टिकून असताना दुसरं लग्न केल्याचा पुरावा स्वतःच्या हातानं तयार केलात. हा गुन्हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 494 खाली यायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली येतो. शिक्षा सात वर्षांपर्यंत. आज त्या दोघांच्या नावावर कुठलाही गुन्हा नाही. भावजींची ओळख कामाला आली की तो तयार होईल. शिवाय खेड्यात विवाह नोंदणीचं रजिस्टर ग्रामसेवकाकडे असतं, म्हणजे एका सरकारी माणसालाही तुम्ही ओढणार. पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती दिली तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 12 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद, आणि मिळालेला पासपोर्टही रद्द होऊ शकतो. नागरिकत्वाच्या अर्जात खोटं लिहिलं तर त्या कायद्यात पाच वर्षांपर्यंतची तरतूद आहे. देवळातल्या देवाला यात कशाला गोवता?

आता तुरुंगाचं. विवाहित पुरुषाबरोबर राहिली म्हणून तुमच्या मुलीला कुणी तुरुंगात टाकू शकत नाही. व्यभिचाराचं जुनं कलम 497 सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये रद्द केलं, आणि त्या कलमात बाईला शिक्षा तशीही नव्हतीच. पहिल्या बायकोला घटस्फोटाच्या दाव्यात हा मुद्दा मांडता येईल, पोटगी मागता येईल. ते तिचं आणि त्याचं. तुमच्या मुलीच्या दाराशी पोलीस येणार नाहीत, एवढं काकांना सांगा आणि झोपू द्या.

मुख्य गोष्ट निराळीच आहे आणि ती तुमच्या पत्रात कुठंच नाही. तुम्ही पासपोर्टचं विचारलंत. पासपोर्ट नंतर येतो. आधी ते बाळ भारताचं नागरिक व्हायला हवं, आणि ते आपोआप होत नाही. आईबाप दोघं भारतीय असले तरी नाही. 3 डिसेंबर 2004 नंतर परदेशात जन्मलेल्या मुलाचा जन्म भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत नोंदवावा लागतो. नागरिकत्व कायदा 1955, कलम 4. पूर्वी परदेशात जन्मलेल्या मुलाला बापाकडूनच नागरिकत्व मिळायचं. 10 डिसेंबर 1992 पासून आईकडूनही मिळतं. आईबापांपैकी एकजण भारतीय असला तरी पुरतं. त्यांचं लग्न झालेलं असावं असं या कलमात कुठंही लिहिलेलं नाही.

इंग्लंडात जन्मलं म्हणून ते ब्रिटिश झालं, असं तुमच्याकडे कुणी म्हणत असेल तर तेही खरं नाही. 1983 पासून तिथं आईबापांपैकी एकजण ब्रिटिश किंवा तिथं कायमचा राहण्याचा हक्क मिळालेला असावा लागतो. नोकरीच्या व्हिसावरच्या दोघांचं बाळ ब्रिटिश नाही. म्हणजे आज तुमचा नातू कागदावर कुठल्याच देशाचा नाही. गणपतीला येणं न येणं हा फार पुढचा प्रश्न.

कोजागिरीला झाला म्हणता. हे वर्ष तारखेनं मोजा, तिथीनं नव्हे. यंदाच्या कोजागिरीपर्यंत वेळ आहे अशा हिशेबात राहिलात तर तारीख उलटून गेलेली असेल किंवा पंधरा-वीस दिवस इकडेतिकडे होतील. जन्मदाखल्यावरची इंग्रजी तारीख पाहा, आणि अर्ज त्याच्या खूप आधी जाऊ द्या. तारीख हुकलीच तर सगळं संपलं असं नाही. केंद्र सरकारच्या परवानगीनं उशिरा नोंद होते, उशिराचं कारण लिहून द्यावं लागतं. पण ती वाट लांबची आहे आणि तिच्यावर मुद्दाम कुणी जाऊ नये.

मुलीनं करायचं ते असं. भारताच्या गृहखात्याच्या नागरिकत्वाच्या संकेतस्थळावर जन्मनोंदणीचा अर्ज भरायचा, छापून घ्यायचा, आणि राहत्या भागासाठी जी वकिलात ठरलेली असेल (लंडन, बर्मिंगहॅम, एडिंबरा अशा तिथं आहेत) तिच्याकडे द्यायचा. जन्मदाखला पूर्ण हवा, म्हणजे आईबापांची नावं असलेला. तिकडे एक छोटा दाखलाही मिळतो, त्यावर आईबापांची नावं नसतात. तो चालणार नाही. दोघांचे पासपोर्ट, दोघांचे तिथं राहण्याचे परवाने. आणि बाळाकडे दुसऱ्या कुठल्या देशाचा पासपोर्ट नाही असं दोघांचं लेखी निवेदन; हे कायद्यातच सांगितलेलं आहे.

लग्नाच्या दाखल्याच्या रकान्यापाशी तिनं थांबू नये. तिथं दोघांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं: आमचं लग्न झालेलं नाही, हे मूल आमचं दोघांचं आहे, याचा जन्म या तारखेला या गावी झाला, याच्या नोंदणीला आणि पासपोर्टला आमची संमती आहे. चार ओळी. त्याच्या पासपोर्टवर पहिल्या बायकोचं नाव असेल तर घटस्फोटाचा दावा चालू आहे हेही त्यात लिहायचं. काउंटरवरचा माणूस 'दाखला नाही तर अर्ज नाही' म्हणालाच, तर भांडायचं नाही. हे लेखी द्या म्हणायचं, आणि वकिलातीच्या अधिकाऱ्याला ईमेल करायचा. अर्जकेंद्रातला माणूस यादी बघून कागद गोळा करतो, निर्णय त्याचा नसतो. लेखी मागितलं की बऱ्याच अडचणी विरघळतात, हा माझा इथल्या तहसील कचेरीतलाही अनुभव आहे.

बापाचं नाव वगळावं का? एकट्या आईला ती सोय आहे. अविवाहित आईनं बापाचं नाव सांगायलाच हवं असं नाही आणि ती एकटी मुलाची पालक होऊ शकते, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2015 चा निकाल आहे. डिसेंबर 2016 पासून पासपोर्टच्या अर्जात एकाच पालकाचं नावही चालतं. पण ही सोय ज्या बाईला गरज आहे तिच्यासाठी. तुमच्या मुलीच्या बाबतीत बाप हजर आहे, रजिस्ट्रारकडे जाऊन त्यानं स्वतः सही केली आहे. लग्न नसलं की तिथं बापाचं नाव दाखल्यावर आपोआप चढत नाही, त्याला स्वतः त्यात यावं लागतं. जन्मदाखल्यावर नाव आणि अर्जात नाही, हे लपवणं झालं. दोन कागद दोन गोष्टी सांगायला लागले की पुढं शाळा, व्हिसा, बँक, सगळीकडे तेच विचारतात.

एक सावधगिरी. तिथं कुणीतरी तिला कानात सांगेल की नोंदवूच नकोस, मूल बिनदेशी राहिलं की पाच वर्षांनी ब्रिटिश होतं. हे पूर्ण खोटं नाही. 2017 मध्ये तिथल्या उच्च न्यायालयानं अशाच एका भारतीय कुटुंबाच्या बाजूनं निकाल दिला होता. पण 2022 च्या कायद्यानं ती वाट बरीच आवळली आहे. ज्या मुलाला आईबापांचं नागरिकत्व सहज घेता येतं आणि ते घेतलं नाही, त्याच्यासाठी ती राहिलेली नाही. पाच वर्षं पोराला कुठंच नेता येणार नाही हे तर आहेच. आईबापांपैकी एकाला तिथं कायमचं राहण्याचा हक्क मिळाला की मुलाला ब्रिटिश म्हणून नोंदवता येतं, तेव्हाचं तेव्हा.

आणि गणपती. पासपोर्ट वेळेवर आला तरी विमानात बसण्यापूर्वी बाळाचा परतीचा व्हिसा हातात हवा. तिथं जन्मलं तरी एकदा देशाबाहेर पडलं की परत शिरायला परवानगी लागते. तेव्हा यंदा आरास करा, मोदक करा, व्हिडिओवर दाखवा. शिमग्याला येऊ देत. गावाला काय सांगायचं ते मात्र तुम्हीच ठरवा, त्यावर माझ्याकडे कलम नाही.

प्रश्न : मॅडम, मी हर्णैचा, जहाजावर मोटरमन आहे. फिलिपीन्समध्ये सेबूला माझी मैत्रीण आहे, आम्हाला तीन वर्षांची मुलगी आहे. लग्न केलेलं नाही. मुलीला भारतीय पासपोर्ट मिळेल का? माझ्या वाट्याची हापूसची कलमं तिच्या नावावर करायची आहेत.

उत्तर : आईकडून ती जन्मतःच फिलिपिनो आहे. तिचा तिथला पासपोर्ट काढलेला असेल तर भारतीय नोंदणीचा विषय संपला, कारण दुसरा पासपोर्ट नाही असं लिहून द्यावं लागतं. काढलेला नसेल, तरी वर्षाची मुदत गेलीच आहे. माझं मत विचाराल तर त्या मागं लागू नका. पोर आईजवळ राहते, तिथंच शाळेत जाणार. तिला तिथला पासपोर्ट असू द्या आणि वर ओसीआय कार्ड (भारताशी नातं असलेल्या परदेशी नागरिकांसाठीचं भारत सरकारचं कार्ड) काढा. आईबापांपैकी एक भारतीय नागरिक असलेल्या अल्पवयीन मुलाला ते मिळतं, आणि मग येण्याजाण्याला व्हिसाची भानगड राहत नाही.

मात्र त्यासाठी तुम्ही बाप आहात हे कागदावर दिसायला हवं. तिच्या जन्मदाखल्यावर पितृत्व मान्य केल्याची तुमची सही आहे का? तुम्ही तेव्हा बोटीवर असाल तर बहुधा नसेल. पुढच्या वेळी सेबूला उतराल तेव्हा हे पहिलं काम. लग्न नसलेल्या आईबापांच्या मुलाचा ताबा तिथल्या कायद्यात आईकडे असतो. मुलीला एकट्यानं इकडे आणायचं म्हटलंत तर आईची संमती आणि तिथल्या समाजकल्याण खात्याचा प्रवासपरवाना लागेल. विमानतळावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

कलमांचं लक्ष देऊन ऐका. हिंदू वारसा कायद्यात लग्नाबाहेरचं मूल आईचं वारस धरतात, बापाचं आपोआप नाही. तुम्ही काहीच केलं नाहीत तर कलमं तुमच्या इतर वारसांकडे जातील आणि तिचं नावही निघणार नाही. बक्षीसपत्र करू नका, ओसीआय माणसाला शेतजमीन बक्षीस देता येत नाही. मृत्युपत्र करा, नोंदवा, त्यात तिचं पूर्ण नाव आणि पासपोर्टचा क्रमांक घाला. आणि त्याआधी सातबारा पाहा. 'माझ्या वाट्याची' म्हणता, पण वाटप झालंय का? आमच्या जिल्ह्यात अर्धी कलमं आजोबांच्याच नावावर असतात.

प्रश्न : मी वेंगुर्ल्याची. आखातातून सहा वर्षांच्या मुलाला घेऊन कायमची परत आले. त्याच्या पासपोर्टवर फक्त माझं नाव आहे, वडील संपर्कात नाहीत, लग्न नव्हतं. पासपोर्टची मुदत संपली. सही कोणाची?

उत्तर : तुमची एकटीची. अर्जाबरोबर 'अ‍ॅनेक्शर सी' जोडा, एका पालकाच्या सहीचं निवेदन ते. आईबाप दोघांच्या सहीचं 'डी' असतं, ते भरू नका. सायबर कॅफेवाले सवयीनं तेच छापून देतात. वडिलांच्या नावाचा रकाना रिकामा ठेवा, 'माहीत नाही' वगैरे लिहू नका. जुना पासपोर्ट, त्याचा परदेशातला जन्मदाखला आणि वकिलातीतल्या नोंदणीचा कागद तिन्ही बरोबर न्या. नवा पाच वर्षांचा मिळेल.