मागच्या चाकाचा नट जाम झालाय? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पावसाळा उतरला की एकच तक्रार नागपूर शहराच्या सगळ्या टोकांकडून येऊ लागते. चेन ताणायची होती किंवा ट्यूब बदलायची होती, म्हणून घरीच मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल नट (चाक ज्या दांड्यावर फिरतं, त्या एक्सलच्या टोकाचा नट) खोलायला घेतला आणि तो जागचा हलेना. मग कोणी हातोडा घेतो, कोणी लांब पाइप, कोणी गॅसचा बर्नर. बहुतेकांना काळजी असते ती नट निघेल की नाही याची. मला जास्त काळजी असते ती निघालेला नट परत कोणत्या अवस्थेत बसतो याची. त्याबद्दलचं उत्तर लांबलं आहे. बाकी सोडलं तरी चालेल, ते मात्र वाचा.

नट कोणत्या दिशेला फिरवायचा? मागच्या चाकाला उलटे आटे असतात असं शेजारी सांगतात. (वाचक, गोधनी)

नटाकडे तोंड करून बसा आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा. नेहमीच्या चेनवाल्या मोटारसायकलच्या एक्सलला सरळच आटे असतात. शंका असेल तर शेजाऱ्यांना नाही, गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेला विचारा.

दोन वर्षांत नट उघडलेला नाही. स्प्रे मारला, लगेच पाना लावला, पण ढिम्म हलला नाही. आता काय करू? (वाचक, मानेवाडा)

‘लगेच’ हीच चूक झाली. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे आट्यांमधली बारीक फट तो पूर्ण भरून टाकतो. तेल त्यातून हळूहळूच झिरपतं. बाजारात सगळ्यांच्या तोंडी असलेलं डब्ल्यूडी-४० हे १९५३ साली अमेरिकेत मुळात पाणी हटवण्यासाठी तयार झालं; नावातलं ‘डब्ल्यूडी’ त्याच कामाचं आहे. थोडंफार ते झिरपतंही. पण जुन्या गंजासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल मिळतं, ते घ्या.

आधी नट नीट बघा. कंगोरे असलेला नट असेल तर त्यातून आरपार कॉटर पिन (नट फिरू नये म्हणून घातलेली, टोकं दुमडलेली पिन) गेलेली असते, ती सरळ करून पूर्ण काढा. पिन आत ठेवून जोर लावणारे कमी नाहीत. मग नटाबाहेर डोकावणारे आटे तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासा. बाहेरच्या आट्यांवर गंज आणि वाळलेला चिखल तसाच राहिला तर सुटलेला नट तिथे येऊन पुन्हा अडकतो. डिस्कवर प्लास्टिकची पिशवी बांधा, ड्रमची गाडी असेल तर तेल ड्रमच्या कडेला जाऊ देऊ नका. लायनरला तेल लागलं तर ब्रेक धरणार नाही. तेल थेंबाथेंबाने सोडा, पान्याने नटाच्या कडांवर हलके ठोके द्या आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा तेल, पुन्हा ठोके.

पाना कोणता, यावर निम्मं काम अवलंबून आहे. स्लाइड पाना अजिबात नको. नटावर घट्ट बसणारी सहा कोनांची गोटी (सॉकेट) आणि लांब दांडा घ्या. बारा कोनांची गोटी जाम नटाचे कोपरे लवकर खाते. पलीकडच्या बाजूला एक्सलचं डोकं असतं, त्याला दुसरा पाना लावून धरा, नाहीतर नटासोबत एक्सलच गरगर फिरत राहील.

गाडी डबल स्टँडवर चढवून पान्यावर जोर देऊ नका, ती स्टँडवरून उतरून अंगावर येते. चाकं जमिनीवर ठेवा, गिअर टाका, एकाला गाडी धरून ब्रेक दाबायला सांगा. नट उजव्या बाजूला असेल तर दांडा मागच्या दिशेला ठेवून खाली दाबा. डाव्या बाजूला असेल तर दांडा पुढच्या दिशेला ठेवून खाली दाबा. दोन्हीकडे नट सुटण्याच्याच दिशेला फिरतो आणि जोर जमिनीकडे जातो. सुरुवातीला अगदी केसभर आवळून पाहा; गंजाची पकड अनेकदा त्या उलट्या हिसक्याने तुटते.

‘कट्’ असा आवाज होऊन नट हलला तर उत्तम. पाव फेरा सुटून पुन्हा घट्ट होऊ लागला, तर तसाच ओढत नेऊ नका. थोडा मागे घ्या, तेल सोडा, पुन्हा पुढे. तरीही घट्टच होत गेला तर आटे फाटायला लागले आहेत. तिथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा.

लिंबू-मीठ किंवा कोल्ड्रिंक ओतलं की नट सुटतो असं एका व्हिडिओत दाखवलंय. खरं आहे का? (वाचक, महाल)

नाही. त्यातलं आम्ल वरवरचा गंज खातं, आटे आतून जाम आहेत ते तसेच राहतात. वर साखर आणि मीठ बेअरिंगपर्यंत पोचतं ते वेगळंच.

मे महिन्यात गाडी दिवसभर उन्हात उभी केली तर नट आपोआप सैल होईल का? की बर्नर लावावा? (वाचक, कामठी)

नागपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे गेलं तरी नट सुटणार नाही. नट आणि एक्सल दोन्ही सारखेच तापतात, सारखेच फुगतात. फट होती तेवढीच राहते. उष्णतेचा उपयोग व्हायचा तर नट एक्सलपेक्षा खूप जास्त आणि झटकन तापला पाहिजे. त्यासाठीच वर्कशॉपमध्ये फ्लेम किंवा इंडक्शन हीटर वापरतात.

घरी बर्नर मुळीच लावू नका. त्या नटाच्या वितभर अंतरात टायर, बेअरिंगचं ग्रीस, रबरी सील आणि डिस्क असेल तर ब्रेक ऑइलचा होज आहे. तुम्ही आधीच पेनिट्रेटिंग ऑइल मारलं असेल तर ते पेटतं. ब्रेक क्लीनर मारला असेल तर प्रकरण आणखी गंभीर: काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रावक असतं, ते जास्त तापलं की त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. बंद पोर्चमध्ये तो जीवावर बेतू शकतो. उष्णतेचं काम ज्याच्याकडे त्याची साधनं आहेत त्याच्यावर सोपवा.

नटाचे कोपरे गोल झाले. मेकॅनिक म्हणतो एक्सल, बेअरिंग, ड्रम, स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) सगळं बदलावं लागेल. (वाचक, वाडी)

कोपरे गेलेत ते नटाचे. त्याच्यासाठी सगळं चाक बदलायला सांगणारा माणूस तुमची घाई विकून खातो आहे. नट कटरने किंवा काळजीपूर्वक ग्राइंडरने नट फोडून काढता येतो. नट स्वस्त असतो, एक्सलही फार महाग नसतो. नट निघाल्यावर एक्सल बाहेर ओढा, सपाट फरशीवर लोळवून वाक बघा, आटे बोटाने तपासा. बेअरिंग हाताने फिरवा. खरखर असेल तरच बदला. स्प्रॉकेटचे दात टोकदार झाले असतील तरच स्प्रॉकेट बदला. काय काय खराब आहे ते हातात घेऊन दाखवायला सांगा, जुना भाग परत मागा. तो दाखवत नसेल तर दुसऱ्या गॅरेजला जा.

छन्नी-हातोड्याने नट उडवायचा प्रयत्न घरी करू नका. घाव निसटला की अलॉय व्हीलला चीर जाते, आणि एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) गाडीत चाकाशेजारचं सेन्सरचं वर्तुळ वाकतं. १२५ सीसीवरच्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे, म्हणजे आता बऱ्याच घरांत अशी गाडी आहे.

नट शेवटी निघाला. तोच परत बसवला आणि हलू नये म्हणून पाइप लावून पक्का कसला. कॉटर पिन तुटली होती, तिथे तार घातली. चालेल ना? (वाचक, हिंगणा रोड)

चालणार नाही. गाडी आजच उभी करा. या प्रश्नासाठीच मी हा स्तंभ लिहायला बसलो आहे.

एक्सल नट चाकाला नुसता अडवून धरत नाही. तो कसला की एक्सल किंचित ताणला जातो, आणि त्या ताणाने फोर्क, बुश, बेअरिंग हे सगळं एकमेकांवर दाबून एकजीव राहतं. हा ताण नेमका हवा. कमी पडला तर चाक खड्ड्याखड्ड्याला सूक्ष्म हलत राहतं आणि नट सुटत जातो. जास्त झाला तर आटे ओढले जातात, आणि ओढलेल्या आट्यांवरचा नट हाताला कितीही घट्ट लागला तरी त्याची पकड गेलेली असते.

हिशेब करून बघा. पुस्तिकेत नट कसण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, समजा ६० न्यूटन मीटर दिला आहे. ३० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण २० किलोचा जोर दिला की तेवढं होतं. तोच २० किलोचा जोर मीटरभर लांब पाइपच्या टोकाला दिला तर तिपटीहून जास्त होतो. आणि पाइप लावल्यावर कोणी २० किलोवर थांबत नाही, अंगाचा भार टाकतो. आज तुम्ही ज्या नटाशी झुंजलात, तो अनेकदा गंजाने नाही, मागच्या वेळी कोणीतरी असाच पाइप लावून कसल्याने जाम झालेला असतो.

आता तारेबद्दल. कंगोऱ्यांचा नट आणि त्यातली कॉटर पिन ही शेवटची राखण आहे. ताण गेला तरी नट पूर्ण उतरू नये यासाठी ती असते. तार, खिळा, सायकलचा स्पोक, जुनी सरळ केलेली पिन, यातलं काहीही तिथे घालू नका. नवी पिन काही रुपयांत मिळते, इतवारीच्या लोहा ओळीपासून कोपऱ्यावरच्या स्पेअर पार्टच्या दुकानापर्यंत कुठेही. भोक आणि कंगोरा जुळत नसेल तर नट सैल करून जुळवू नका, पुढच्या कंगोऱ्यापर्यंत थोडा आवळा. नायलॉनचं कडं असलेला नट असेल आणि तो हाताने शेवटपर्यंत फिरत असेल तर त्याची पकड संपली आहे, नवा घ्या. जाम होऊन निघालेला नट कोणत्याही प्रकारचा असो, मी तो परत बसवत नाही.

बसवताना एक्सलच्या दांड्याला ग्रीसचा पातळ हात द्या, म्हणजे पुढच्या वेळी तो बेअरिंगमध्ये चिकटणार नाही. आट्यांना मात्र मनाने ग्रीस किंवा तांब्याची पेस्ट फासू नका. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल तर बुळबुळीत आट्यांवर तोच आकडा एक्सलला जास्त ताण देतो. दोन्ही बाजूंच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा सारख्या ठेवा, ब्रेकची ताणपट्टी आणि तिचीही पिन परत लावली का ते बघा, टॉर्क रेंचने (किती जोराने कसलं ते दाखवणाऱ्या पान्याने) कसा. चाक हाताने फिरवून बघा, ब्रेक मारून बघा. दुसऱ्या दिवशी नट पुन्हा तपासा.

टॉर्क रेंच नसेल तर सगळं घरी करा, पण शेवटचं कसणं टॉर्क रेंच असलेल्या गॅरेजमध्ये करून घ्या. आणि तो रेंच तुमच्यासमोर वापरला जातोय याची खात्री करा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडी पाण्यात होती. तेव्हा इंजिन करून घेतलं, चालू आहे. चाकं काढायची गरज आहे का? (वाचक, अंबाझरी लेआउट)

तेव्हाच काढायला हवी होती. अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचं पाणी घरांत शिरलं त्या पहाटे हजारोंच्या गाड्या बुडाल्या, आणि नंतर सगळ्यांनी इंजिन आणि वायरिंग बघितलं. गाळाचं पाणी एक्सलच्या बुशात आणि बेअरिंगमध्येही जातं आणि आत राहतं. बाहेरून काही दिसत नाही. तुमच्या गाडीत नटच नाही, एक्सलचा दांडाही बेअरिंगच्या आतल्या कड्याला धरला असण्याची शक्यता मोठी आहे. तो घरी हातोड्याने ठोकून काढायचा नसतो. आट्यांचं टोक फुगतं आणि मग तो कुठूनच निघत नाही. प्रेस असलेल्या वर्कशॉपला द्या, पुढचं आणि मागचं दोन्ही चाकं काढायला सांगा.

वॉशिंग सेंटरवाला धुतल्यावर डिझेलचा फवारा मारतो, त्याने गंज लागत नाही म्हणतो. (वाचक, सदर)

दोन दिवस गाडी चमकते, मग त्यावर धूळ बसते. नटाच्या आत काही जात नाही, टायरच्या आणि चेनच्या रबराला मात्र डिझेल हानी करतं. फवारा नको म्हणून सांगा, आणि प्रेशरचं पाणी एक्सलच्या टोकावर थेट मारू नका म्हणून सांगा.

बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन (हिसके देत नट फिरवणारं यंत्र) घेऊ का? (वाचक, बेसा)

सोडवायला चालेल, कसायला नाही.

चेन खूप सैल आहे, कव्हरला घासते. नट निघत नाही म्हणून तशीच एमआयडीसीला रोज ये-जा करतो. दिवाळीनंतर सर्व्हिसिंगला देणारच आहे. (वाचक, जयताळा)

दिवाळीची वाट बघू नका. नेहमीच्या गाड्यांत चेनच्या खालच्या बाजूला मधोमध २० ते ३० मिलिमीटर हालचाल ठीक असते. तुमच्या गाडीचा आकडा चेन कव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत मिळेल. कव्हरला घासते म्हणजे ती त्याच्या फार पुढे गेली आहे. अशी चेन खड्ड्यात किंवा गिअर बदलताना स्प्रॉकेटवरून उतरते, आणि चाकात अडकली की मागचं चाक चालत्या गाडीत जागीच लॉक होतं. तुमच्यामागे रिंग रोडवर ट्रक असतो. नट निघत नसेल तर मेकॅनिकला घरी बोलवा किंवा गाडी टेम्पोत टाकून न्या. तोवर कामाला बसने किंवा कोणाच्या तरी गाडीवर मागे बसून जा.