अमेरिकेत मास्टर्सला स्वतःचे पैसे घालावे लागतात आणि पीएचडीला मात्र स्टायपेंड मिळतो, असं का?

कारण पीएचडीचा विद्यार्थी विद्यापीठाचं कामही करत असतो. लॅब सांभाळतो, खालच्या वर्गांना शिकवतो, पेपर तपासतो; त्याबदल्यात ट्यूशन फी माफ आणि वर स्टायपेंड. हा पैसा बऱ्याचदा प्राध्यापकाच्या संशोधन अनुदानातून येतो. त्यामुळे अनुदान आटलं की जागाही आटतात. २०२५ मध्ये सरकारी संशोधन निधीला कात्री लागली तेव्हा कित्येक विभागांनी पीएचडीचे प्रवेश कमी केले. होतकरू मुलांचं यात फार नुकसान झालं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मास्टर्स हे विद्यापीठाच्या कमाईचं साधन. वर्षाला ८ लाखांहून जास्त मास्टर्स पदव्या दिल्या जातात, संशोधनातल्या डॉक्टरेट जेमतेम ५७-५८ हजार. तिथले बरेच विद्यार्थी मास्टर्स कर्जावर करतात. पूर्ण खर्चाइतकं कर्ज देणारी अमेरिकन सरकारची 'ग्रॅड प्लस' योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. सर्वसाधारण मास्टर्ससाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर.

पीएचडीची ऑफर आली तर एवढं नक्की तपासा: स्टायपेंड ९ महिन्यांचा की १२, हमी किती वर्षांची, आणि ट्यूशन माफ असली तरी हेल्थ इन्शुरन्स व इतर फी कोण भरणार.