परवाना कपाटात, रिव्हॉल्व्हर कमरेला आणि समोर नाकाबंदी

दादा, तुमचा मेल नीट वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून आधी प्रकरण थोडक्यात सांगतो. नगर जिल्ह्यात तुमचा पेट्रोल पंप आहे, रात्रीचा गल्ला घेऊन ये-जा असते म्हणून कलेक्टर ऑफिसकडून स्वसंरक्षणासाठी .३२ रिव्हॉल्व्हरचा परवाना घेतलेला, तो चालू आहे आणि क्षेत्र अख्खा महाराष्ट्र. पुण्यात नातेवाइकांच्या रिसेप्शनहून रात्री परत निघालात, नाकाबंदीत गाडी अडवली, खाली उतरवून झडती घेताना शर्टाखालचं होल्स्टर हवालदाराच्या हाताला लागलं. मूळ परवाना घरी, मोबाईलमध्ये फक्त फोटो. आवाज चढले, रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं काढून घेतली, एका कागदावर सही घेतली ज्यात 'कमरेला लपवून बाळगलेले मिळून आले' असं लिहिलंय, आणि हातात पावती काहीच नाही. आता कलेक्टरची कारणे दाखवा नोटीस आलीय. तुम्ही विचारताय की आत जावं लागेल का, हत्यार परत कसं मिळणार आणि तोपर्यंत भावाची बंदूक सोबत ठेवली तर चालेल का.

पहिलं, त्या 'लपवून' शब्दाने घाबरू नका. २०१६ चे आर्म्स रूल्स उलटंच सांगतात, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर न्यायचं असेल तर ते होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात असलं पाहिजे. उघडं मिरवणं, लोकांना दिसेल असं काढणं, हे चुकीचं. म्हणजे शर्टाखाली होल्स्टरमध्ये ठेवून तुम्ही नियमच पाळत होतात आणि पोलिसांनी तेच आरोपासारखं लिहिलंय, खुलाशात हा मुद्दा सगळ्यात वर घ्या.

आता अटकेचं. विनापरवाना हत्यार आणि परवाना सोबत नसलेलं हत्यार यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नाक्यावर हा फरक कोणी समजावून सांगत नाही. विनापरवाना म्हणजे आर्म्स ॲक्टचं कलम ३ मोडलं, त्याला कलम २५(१-ब) लागतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन वर्षं आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा, अजामीनपात्र. तुमच्याकडे त्या तारखेला चालू परवाना होता, हत्याराचा नंबर त्यावर आहे, त्यामुळे हे कलम तुम्हाला लागत नाही. कोणी लावलंच तर कलम ३ च्या खटल्यासाठी कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची आधी मंजुरी लागते, म्हणजे ज्या कलेक्टरांनी परवाना दिला त्याच पातळीवरच्या अधिकाऱ्याने 'परवाना नव्हता' असं म्हणावं लागेल. परवान्याची अट मोडली असा आरोप आला तर कलम ३०, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते जामीनपात्र आहे. आत जायची भीती मनातून काढा.

पण पोलिसांचंही सगळं चुकलं असं मी म्हणणार नाही. कलम १९ प्रमाणे हत्यार घेऊन जाणाऱ्या कोणाकडूनही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो, तो नाही दाखवला तर नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटल्यास हत्यार जप्त करू शकतो. अटक कधी, तर नाव-पत्ता द्यायला नकार दिला, किंवा तो खोटा वाटला, किंवा पळून जाणार असं वाटलं तर. तुम्ही लिहिलंय की 'मी कोण आहे माहीत आहे का' असं बोललात. ते वाक्य फार महागात पडू शकलं असतं, कारण पुढचं कलम २० अजून कडक आहे. परवाना असो वा नसो, हत्यार बेकायदा कामाला वापरलं जाईल असा वाजवी संशय येण्यासारखी परिस्थिती असेल तर वॉरंटशिवाय अटक करता येते, आणि रात्रीची वेळ, कमरेला हत्यार, वर चढलेला आवाज, यातून संशय लिहून काढायला किती वेळ लागतो. आणि मोबाईलमधला फोटो म्हणजे परवाना नव्हे. गाडीचं लायसन डिजिलॉकरमधून दाखवलेलं चालतं, त्याला मोटार वाहन नियमांचा वेगळा आधार आहे, तो शस्त्र परवान्याला लागू नाही. मूळ पुस्तिका हत्यारासोबत पाहिजे, प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून खिशात ठेवा पण ठेवा.

सही केलेल्या कागदाबद्दल. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध शाबीत करता येत नाही, भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ (जुन्या एव्हिडन्स ॲक्टचं २५). पण कलेक्टरांसमोरची चौकशी हा खटला नाही, तिथे तो कागद फाइलला लागलेला असणार आणि तो वाचला जाणार, म्हणून त्यावर गप्प बसू नका, काय घडलं ते तुमच्या शब्दांत लिहून द्या.

हत्यार परत मिळवण्यासाठी उद्याच त्या पोलीस स्टेशनला जा, मूळ परवाना आणि झेरॉक्स घेऊन, वरिष्ठ निरीक्षकांच्या नावे अर्ज करा. अर्जात हत्याराचा मेक, नंबर, काडतुसांची संख्या, तारीख, वेळ आणि नाकाबंदीची जागा लिहा आणि विचारा की जप्ती कुठल्या कलमाखाली, पंचनामा झालाय का, स्टेशन डायरीला नोंद आहे का, गुन्हा दाखल असेल तर नंबर काय. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय बाहेर पडू नका, घेत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा. आणखी एक, १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे, तिच्या कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचं असतं. तेही मागा, आणि त्या चौकातलं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असं त्याच अर्जात लिहा, कारण फुटेज फार दिवस ठेवत नाहीत. पोलीस स्वतःहून देणार नाहीत असं दिसलं तर मॅजिस्ट्रेट कोर्टात त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज, खटला सुरू असेल तर ४९७. जप्त वस्तू पोलीस स्टेशनात विनाकारण पाडून ठेवू नये असं सुप्रीम कोर्टाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच सांगितलंय, वकील तो निकाल जोडतीलच. कोर्ट बाँड घेऊन ताबा देऊ शकतं, पण परवाना जिवंत असेल तरच.

आणि म्हणूनच मला तुमची खरी काळजी वाटते ती नोटिशीची. तुम्ही अख्ख्या मेलमध्ये तिला एक ओळ दिलीय आणि नाक्यावरच्या हवालदाराला दोन पानं. हवालदाराशी भांडण तिथेच संपलं, परवाना राहणार की जाणार ते कलेक्टर ठरवणार. आर्म्स ॲक्टच्या कलम १७(३) खाली ते परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात, सार्वजनिक शांतता आणि सुरक्षिततेसाठी, किंवा अट मोडली म्हणून, किंवा धारक लायक नाही म्हणून. शस्त्र परवाना हा आपल्याकडे मूलभूत हक्क मानला जात नाही, त्यामुळे खुलासा दिला नाही तर एकतर्फी आदेश निघून जातो आणि मग हत्यार कोर्टातून सोडवण्यालाही अर्थ उरत नाही. नोटिशीतली मुदत चुकवू नका, लेखीच द्या, सुनावणी मागा.

खुलाशात तुमची एक बाजू कच्ची आहे, ती म्हणजे रिसेप्शन, जे तुम्ही जाता जाता लिहिलंय. परवान्याच्या मागे छापलेल्या अटी काढून वाचा, त्यात असं आहे की खास परवानगीशिवाय हत्यार जत्रा, धार्मिक मिरवणूक किंवा इतर सार्वजनिक जमावात आणि शिक्षणसंस्थेच्या आवारात न्यायचं नाही. नातेवाइकांचं निमंत्रितांचं रिसेप्शन हा सार्वजनिक जमाव होतो का यावर वाद घालता येतो आणि घालावा, पण लग्नातल्या हवेतल्या गोळीबाराने माणसं मेलीत म्हणून २०१९ मध्ये कलम २५(९) मुद्दाम आणलंय, त्यामुळे लग्न आणि रिव्हॉल्व्हर हे शब्द एका फाइलमध्ये आले की अधिकारी आधीच सावध होतो. मंगल कार्यालयात हत्यार नेलं होतं की गाडीत होतं, सोबत गल्ल्याची रक्कम होती का, दारू घेतली होती का, हे मला तुमच्या मेलमधून कळलं नाही. जे खरं असेल तेच लिहा. गल्ला नसताना गल्ला होता असं लिहिलंत आणि पंपाच्या हिशोबाने ते खोटं पडलं तर मग परवाना कोणीच वाचवू शकत नाही. परवाना मिळाल्यापासून एकही तक्रार नाही, नूतनीकरण वेळेत, रोकड नेण्याचा धोका तसाच आहे, हे कागदांसह मांडा, बँकेच्या भरणा स्लिपा जोडा. विरोधात आदेश आलाच तर कलम १८ खाली विभागीय आयुक्त, तुमच्यासाठी नाशिक, यांच्याकडे तीस दिवसांच्या आत अपील.

त्या दिवशी पुण्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ चा मनाई आदेश होता का तेही बघून ठेवा. सण, मोर्चे, बंदोबस्त असला की असे आदेश पंधरा-पंधरा दिवसांचे निघत राहतात, त्यात शस्त्र बाळगायला मनाई असते आणि 'माझ्याकडे परवाना आहे' एवढ्यावर सुटका होईल असं धरून चालू नका. कलम १३५ ची शिक्षा एक वर्षापर्यंत आहे. बाहेरच्या शहरात हत्यार नेण्याआधी तिथल्या पोलिसांचा आदेश बघायची सवय लावा.

पुढे कधी गाडी अडवली तर आतला दिवा लावा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, आणि हात न हलवता शांतपणे सांगा, 'साहेब, माझ्याकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर आहे, उजव्या कमरेला आहे, परवाना वरच्या खिशात आहे, काढू का?' आणि ते म्हणतील तसंच करा. कलम १९ मागितल्यावर परवाना दाखवा म्हणतं, आपणहून सांगा असं त्यात नाही, तरी सांगा, कारण झडतीत अचानक हाताला लागलेलं हत्यार सगळ्यांनाच दचकवतं. आणि हात आधी स्थिर, मग बोलणं. अमेरिकेत मिनेसोटामध्ये जुलै २०१६ ला फिलँडो कॅस्टील या परवानाधारकाने गाडी अडवल्यावर पोलिसाला स्वतःहून सांगितलं होतं की माझ्याकडे हत्यार आहे, आणि काही सेकंदांत पोलिसाने त्याला गोळ्या घातल्या, का तर तो हत्याराकडे हात नेतोय असं वाटलं म्हणे. २०१७ मध्ये ज्युरीने त्या पोलिसाला निर्दोष सोडलं. आपल्याकडची नाकाबंदी तशी नसते हे मान्य, पण अंधारात उभ्या असलेल्या शिपायालाही जिवाची भीती असते, ती वाढेल असं काही करू नका. होल्स्टरला स्वतःहून हात तर लावूच नका.

राहिली भावाची बंदूक. अजिबात नाही. परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. कलम ३ मध्ये सूट आहे ती एवढीच की परवानाधारक सोबत असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर, दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा त्या धारकाच्याच वापरासाठी हत्यार नेता येतं. तुमच्या गल्ल्याच्या रक्षणासाठी ती सूट चालत नाही, आणि तसे सापडलात तर आज जे कलम २५(१-ब) तुम्हाला लागत नाही ते उद्या लागेल, भावाचा परवानाही अडचणीत येईल. सुनावणी होईपर्यंत रोकड दिवसाउजेडी भरा, किंवा बँकेला विचारून पंपावरूनच रक्कम नेणारी एजन्सी लावून घ्या. नोटिशीची आणि परवान्याच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स पाठवा, खुलाशाचा मसुदा त्यावरूनच करता येईल.