१४५० वरून खाली

प्रश्न : मी तीन वर्षे ऑनलाइन बुद्धिबळ खेळतो आहे. दहा मिनिटांच्या डावांत माझे रेटिंग (खेळाचे बळ दाखवणारा आकडा) दोन महिन्यांपूर्वी प्रथमच १४५० झाले होते. त्यानंतरच्या साधारण ६० डावांत ते १२९० वर आले. गेलेले गुण भरून काढायचे असे ठरवून रात्री बसतो आणि पुष्कळदा आणखी काही घालवून उठतो. माझा खेळ खरोखर बिघडला आहे का? काही दिवस खेळणे सोडून द्यावे का?

उत्तर : आधी हिशेब करू. तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याविरुद्ध एका डावाला साधारण ८ गुण मिळतात किंवा जातात. म्हणजे १६० गुण जाण्यासाठी, बरोबरीचे डाव सोडले तर, आपण ६० पैकी सुमारे ४० डाव हरला असाल आणि २० जिंकला असाल. नाणेफेकीसारखा निव्वळ योगायोग धरला तरी ६० डावांत साठएक गुणांचा चढउतार अगदी सहज होतो. शिवाय १४५० हा आकडा आपण प्रथमच गाठला होता, त्यामुळे ती आपली नेहमीची पातळी नसून काही चांगल्या दिवसांचे शिखर असण्याचीच शक्यता अधिक आहे. ज्यांच्या नावाने रेटिंगची मूळ एलो पद्धत ओळखली जाते त्या आर्पाद एलो यांनी रेटिंग मोजण्याची तुलना खवळलेल्या पाण्यावर हेलकावणाऱ्या बुचाची जागा वाऱ्यावर झुलत्या पट्टीने मोजण्याशी केली होती. आपण त्या बुचाच्या सर्वांत उंच क्षणाला आपली उंची मानून बसला आहात.

तरीही १६० गुण केवळ योगायोगाने जाणे अवघड आहे, हेही मान्य केले पाहिजे. याचे कारण असे की ही पद्धत स्वतःच माणसाला त्याच्या जागी ओढून आणते. आपले खरे बळ १४०० चे असेल आणि रेटिंग १३०० असेल, तर समोर येणाऱ्या १३०० च्या खेळाडूंविरुद्ध आपल्याला १०० डावांत सुमारे ६४ गुण (विजयाला एक, बरोबरीला अर्धा) मिळायला हवेत, आणि मग आकडा आपोआप वर सरकायला हवा. तो सरकत नसेल तर सध्या आपण त्या बळाने खेळत नाही आहात, आणि माझा संशय ‘भरून काढायचे’ या आपल्याच शब्दांवर आहे. हरल्यावर चिडून लगेच पुढचा डाव मांडणारा माणूस पटाकडे कमी आणि आकड्याकडे जास्त पाहतो.

संशय खरा की खोटा हे आपल्या डावांच्या नोंदीतच कळेल. हरलेले डाव एका बैठकीतले कितवे होते, ते पाहा. पहिल्या दोन डावांत निकाल ठीक आणि पाचव्या-सहाव्या डावात पडझड असेल, तर दुखणे थकव्याचे आहे. सलग दोन डाव हरल्यावर त्या दिवशी खेळ थांबवावा. मात झाली किंवा डाव सोडला तेव्हा घड्याळात किती वेळ उरला होता, तेही पाहा. पाच मिनिटे हाताशी असताना घोडा फुकट गेला असेल, तर ती घाई आहे, अज्ञान नव्हे. हरलेला डाव संगणकाला दाखवण्यापूर्वी तो कुठल्या चालीला फिरला, हे स्वतः शोधावे. संगणक ते लगेच दाखवतो, पण आपण त्या क्षणी काय विचार केला होता हे त्याला ठाऊक नसते. बैठकीतल्या पहिल्या डावापासूनच हार होत असेल आणि मधल्या काळात आपण नवे ओपनिंग (डावाच्या सुरुवातीच्या चालींची ठरावीक पद्धत) घेतले असेल, तर प्रश्न मनाचा नाही. ते अंगवळणी पडेपर्यंत गुण जाणारच.

खेळणे सोडण्याची गरज मला वाटत नाही. आठवडाभर रोज दोनच डाव आणि त्यांचा अभ्यास पुरेसा आहे. दीर्घ खंड पडला, तर ऑनलाइन रेटिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ग्लिको या एलोच्या सुधारित पद्धतीत रेटिंगची अनिश्चितता वाढते आणि परतल्यावरच्या पहिल्या डावांत आकडा नेहमीपेक्षा मोठ्या उड्या मारतो, हे ध्यानात असू द्यावे. नवे खाते उघडून पुन्हा सुरुवात करण्याचा मोह मात्र टाळावा. लीचेससारख्या संकेतस्थळावर खेळाडूंचे रेटिंग लपवण्याची सोय आहे. ६० डाव होईपर्यंत ते लपवूनच ठेवावे.